यूएसबीशी काडीमोड, ऑप्टिकलशी पाट

वार्ता पक्की आहे, आणि जिन्यात सध्या दुसरा विषय नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या भाऊंनी यूएसबीशी काडीमोड घेतला! इतक्या वर्षांचा गुण्यागोविंदाचा संसार. एकीकडे लॅपटॉप, दुसरीकडे डॅक, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचे सूर करून देणारी ती तळहाताएवढी डबी, आणि मध्ये जुन्या प्रिंटरसोबत आलेली करडी केबल. रात्री जेवणं आटोपली की भीमसेनांचा दरबारी लागायचा, कुणाची तक्रार नव्हती. आता भाऊ म्हणतात, आवाज ‘मळकट’ येतो. वहिनींनी बिचारीने केबल ओल्या फडक्याने पुसून दिली. त्या मळाबद्दल बोलणं नव्हतं म्हणे.

मग स्थळं बघणं सुरू झालं. पहिलं ऑप्टिकल. घराणं नाव घेण्यासारखं, तोशिबाने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी काढलेलं. तांब्याची तार नाही, वीज नाही, प्लास्टिकच्या धाग्यातून नुसता लाल उजेड.  भाऊ जोडायला गेले तर केबल आत जाईना. दोन्ही टोकांना नखाएवढ्या पारदर्शक टोप्या असतात, त्या काढायच्याच राहिल्या होत्या. टोप्या निघाल्या, डॅकच्या पाठीवरचं इवलंसं झाकण आत लवलं, ‘टक्’ झालं.

आता खरी गंमत ऐका, पण आमचं नाव सांगू नका. भाऊंच्या लॅपटॉपला ऑप्टिकलची सोयच नाही! मॅकबुक प्रोला होती, हेडफोनच्याच भोकात दडवलेली, तीही २०१६ च्या मॉडेलपासून गेली. मग केलं काय? यूएसबीतून ऑप्टिकल काढणारी आणखी एक डबी मागवली. म्हणजे लॅपटॉपमधून निघते यूएसबीच. काडीमोड दिलेली पहिली घरातच आहे, फक्त मागच्या दाराने येते-जाते.

ऑप्टिकलला नाकं मुरडणारे कोअॅक्सिअलचं स्थळ सुचवतात, ‘७५ ओहमचीच बघा हं’ असं कानात सांगून. आता दोघींच्या पोटात तोच एसपीडीआयएफ संदेश, सोनी आणि फिलिप्सने मिळून ठरवलेला. पण हे बोलून दाखवलं की मंडळी अशी बघतात, जणू आपण भर मांडवात व्याह्यांच्या कर्जाचा विषय काढला.

बरं, घरात चालतं कुणाचं, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. एसपीडीआयएफमध्ये घड्याळ संदेशातच गुंफलेलं येतं. डॅकने ते त्यातून वेचून काढायचं आणि त्याच्या तालावर चालायचं. तो ताल किंचित डुगडुगला की त्याला जिटर म्हणतात, आणि या एका शब्दावर कित्येकांची दुकानं चालतात. सुरुवातीच्या यूएसबी डॅकलाही संगणकाच्याच तालावर नाचावं लागे. हल्लीच्या बहुतेक डॅकमध्ये असिंक्रोनस यूएसबी असते. तिथे घड्याळ डॅकचं स्वतःचं, आणि संगणकाने तो मागेल तेवढंच, मागेल तेव्हाच वाढायचं. म्हणजे भाऊंनी ज्या घरात डॅकची सत्ता होती ते मोडलं, आणि जिथे त्याने मान खाली घालून राहायचं तिथे त्याला नांदायला पाठवलं!

यावर यूएसबीच्या वाईटावरची माणसं एक हुकमी पान टाकतात. प्रिंटरकडे जाताना चूक झाली तर यूएसबी ती माहिती पुन्हा पाठवते, गाण्याच्या बाबतीत पाठवत नाही. खरं आहे. पण अशी चूक झालीच तर कानाला ‘टिक्’ ऐकू येतं, नाहीतर गाणं क्षणभर तुटतं. षड्ज मखमली किंवा तंबोरा मळकट होत नाही. तशी किमया साधायला केबलला संगीत कळावं लागेल.

सर्वांत भानगडीचं प्रकरण आय-टू-एसचं. फिलिप्सने १९८६ मध्ये ते आखलं यंत्राच्या पोटात, एका चिपकडून शेजारच्या चिपकडे जायला. काही बोटांचं अंतर. हौशी मंडळींनी त्या घरकोंबड्याला एचडीएमआयच्या केबलमधून बाहेर काढलं. कुठल्या पिनेवर काय, यावर कंपन्यांचं एकमत नाही, त्यामुळे जोडी जमली नाही तर डावं उजवीकडे जातं, नाहीतर नुसतीच शांतता. आणि हे भोगायला लोक जादा पैसे मोजतात!

ऑप्टिकलची बाजू घ्यावी असं एक कारण मात्र आहे, आणि ते भाऊंना नाही. लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर आणि अॅम्प्लिफायर यांच्या अर्थिंगचा वळसा तयार झाला की स्पीकरमधून पन्नास हर्ट्झची ‘घूंऽऽ’ सुरू होते. चार्जर काढल्यावर ती थांबली तर चोर सापडला. तिथे ऑप्टिकल शंभर टक्के कामाची, कारण तिच्यातून वीज जातच नाही. अर्थिंगची पिन कापून टाका असं सुचवणारे महाभागही भेटतात. त्यांना चहासुद्धा विचारू नये, जीव जाईल कुणाचा तरी.

भाऊंकडे ‘घूं’ कधीच नव्हती. त्यांच्याकडे विंडोजची साउंड सेटिंग आहे, ४८ हजार हर्ट्झवर ठेवलेली, आणि सीडीवरून उतरवलेली गाणी ४४.१ हजारांची. संगणक प्रत्येक गाणं मुकाट्याने ४८ मध्ये बदलून देतो. कानाला ते कळेलच असं नाही, पण आकडे बदलतात एवढं नक्की. केबलने तर तेही होत नाही. प्लेअरला थेट डॅकशी बोलू देणारा एक्सक्लुझिव्ह मोड लावला की प्रश्न मिटतो, फुकटात. म्हणूनच बहुधा त्यात कुणाला रस नाही.

ताजी खबर अशी की आता ऑप्टिकलवरूनही मन उडालंय, इथरनेटशी बोलणी चालू आहेत. राउटर दिवाणखान्यात आणि डॅक आतल्या खोलीत, म्हणून काल गवंडी येऊन भिंतीचं माप घेऊन गेला. वहिनींनी त्याला एवढंच विचारलं, “भोक पाडताच आहात, तर एसीचा पाइपही त्यातूनच नेता येईल का?”