चढा पंचम

रेकॉर्डच्या आवाजाला एक ऊब असते, सीडीला ती नसते, हे वाक्य निवृत्तीनंतर माझ्या तोंडी असं काही बसलं, की कन्नडच्या बाजारात भाजी घेतानाही मी ते कुणाला तरी ऐकवायचो. आमच्या पत्र्याच्या घरात ऊब काही नवस बोलून मागावी लागत नाही, असं बायकोचं मत. तिला संगीतातलं कळत नाही असं ठरवून मी मोकळा झालो.

जुना रेकॉर्ड प्लेयर मुंबईच्या चोर बाजारातून आणला. चाळीसगावला रेल्वेतून उतरून पुढचा सगळा कन्नड घाट ते धूड एसटीत मांडीवर घेऊन चढलो. घरी येऊन बघतो तर मागून नेहमीच्या दोन वायरी निघालेल्या आणि तिसरी एक सुतळीहून बारीक हिरवी तार. ती कुठे लावायची ते कळेना. कुणाला विचारायचं तर इभ्रतीचा प्रश्न. मी ती गुंडाळली आणि टेपने चिकटवून टाकली.

स्पीकरच्या वायरीबाबत मात्र हयगय केली नाही. शहरातल्या एका दुकानदाराने करंगळीएवढी जाड वायर काढली. तांबं ऑक्सिजनविरहित, टोकांना सोन्याचा मुलामा. "सर, ही लावली की गवई समोर येऊन बसतो." गवई आला नाही, पण पेन्शनमधला एक सणसणीत घास गेला. हिशेब मला करता येत नव्हता असंही नाही. मी विज्ञानच शिकवायचो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे दीड एमएमच्या साध्या ५ मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध जेमतेम ०.१२ ओहम. सोन्याचा गुण एवढाच, की ते गंजत नाही. पण दुकानात पाऊल टाकताना शास्त्र चपलांबरोबर बाहेर राहतं.

तरुण पुतण्याने दरम्यान १९२ किलोहर्ट्झच्या फाइली विकत घ्यायला लावल्या होत्या. सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. तेवढ्यात २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नीट बसतो आणि माणसाच्या कानाची धाव तिथवरच. माझ्या वयाला तर तीही पुष्कळ आखडलेली. १९२ वाल्या फाइलीत ९६,००० हर्ट्झपर्यंतची सोय. हे ऐकायला पितळखोऱ्याच्या लेण्यांतली वटवाघळं बोलावली असती, तर पैसे वसूल झाले असते.

तर, रेकॉर्ड लावली. आणि खरंच, गाण्याच्या खाली एक मंद, भरीव घुमण. हीच ती ऊब! मी डोळे मिटले.

बायको म्हणाली, "अहो, फ्रिज घुमतोय."

फ्रिजवाला आला. त्याने फ्रिजला कान लावला, कॉम्प्रेसर थकलाय म्हणाला, खालचे रबरी बूट बदलले आणि पैसे घेऊन गेला. घुमण कायम. मग तिने फ्रिजच बंद करून ठेवला. दूध नासलं, घुमण कायम. मी मनात हसत होतो. खर्जाची जाण सगळ्यांना थोडीच असते!

भजनी मंडळातल्या पेटीवाल्या बुवांना मुद्दाम बोलावलं. रेकॉर्डवरचे गवई पांढरी एकमध्ये गाणारे. बुवांनी थोडा वेळ ऐकलं आणि भीत भीत म्हणाले, "सर, तंबोऱ्याचा पंचम जरा चढलाय."

"बुवा," मी म्हणालो, "त्या पिढीत असेच लावायचे." या वाक्याला काहीही आधार नव्हता. बुवा भिडस्त, त्यांनी मान डोलावली.

उलगडा केला तो गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोराने. लग्नामुंजीत साऊंड लावतो. दारातूनच म्हणाला, "काका, हमिंग येऊ राहिलं ना!" आत येऊन त्याने प्लेयरच्या लोखंडी भागाला बोट लावलं, घुमण बदलली. मागे हात घालून माझं टेपचं गाठोडं ओढलं. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीला एक बारका स्क्रू होता. त्यावर मी धूळ पुसायचं फडकं अडकवत असे. त्याने फडकं काढलं, हिरव्या तारेचं टोक त्या स्क्रूखाली आवळलं आणि घर एकदम गप्प झालं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ५० आणि तिच्या दुपटीचे १०० हर्ट्झ, दोन्ही पेटीवर पांढरी पाचच्या किंचित वर पडतात, आणि पांढरी एकचा पंचम म्हणजे पांढरी पाचच. बुवा शंभर टक्के बरोबर होते. पंचम चढाच होता, फक्त तो विजेच्या खांबावरून येत होता. अमेरिकेत ६० हर्ट्झची वीज. तिथे हीच घुमण त्या षड्जाशी इतकी फटकून लागली असती, की माझ्याही लक्षात आलं असतं. त्यातून रेकॉर्डवर खर्ज मुद्दाम दाबून कोरतात, नाहीतर खाचा एकमेकींत शिरतील; ऐकताना अ‍ॅम्प्लिफायर तो पुन्हा उचलून धरतो. पिनेतून निघतात काही मिलिव्होल्ट. त्यांच्याबरोबर हा बिनआमंत्रित पंचमही तितकाच उचलला जात होता, आणि मी त्याला दाद देत होतो.

पोराने वर्गणीची पावती फाडली आणि स्पीकरमागच्या वायरीकडे बघितलं. "काका, ही लय जाड आहे. झूमर टांगायला आणली का?"

बुवांना पुन्हा बोलावलं, रेकॉर्ड ऐकवली. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि भीत भीतच म्हणाले, "चांगलंय सर, पण पहिल्यासारखा भरीवपणा नाही."

मी काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बायको फोनवर बोलताना ऐकू आली, "अहो दादा, तुम्ही बूट बदलून गेलात ना, तो फ्रिज आता पार बंदच पडलाय. काहीच आवाज करत नाही."