बिऱ्हाड टपावर

आमच्या भाऊजींना कुठे जायचंय हे विचारू नये, काय काय न्यायचंय ते विचारावं. मग रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरी दोनदा चहा होतो आणि आतून ताई विचारते, "आता जेवूनच जातोस का?"

गाडी दारातच असते. मागची सीट काढून तिथे खणांची पेटी बसवलीय, टपावर तंबू. तंबू 60 किलोचा. टपाला गाडी चालताना 75 किलो सोसतात, उभी असताना त्याच्या कितीतरी पट. "म्हणजे आपण वर झोपलो तरी चालतं," भाऊजी समजावतात, "फक्त झोपेत गाडी चालवायची नाही."

तंबू टपावर कशाला? तर जनावर वर येत नाही. हे आफ्रिकेतल्या सिंहांपुरतं ठीक आहे. आपल्याकडचा बिबट्या शिकार घेऊन झाडावर चढतो आणि कांकेरकडच्या अस्वलांना मधासाठी झाड चढायला कुणी शिकवावं लागत नाही. हे मी बोललो, तर भाऊजी म्हणाले, "शिडी वर ओढून घ्यायची!"

खरी कथा फ्रिजची. आधी त्यांनी स्वस्तातली गार पेटी आणली, कॉम्प्रेसर नसलेली. ती बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशच खाली उतरते. रायपूरचा मे महिना, पारा 45 वर, म्हणजे पेटीतलं ताक फार तर 25 ला. त्यापेक्षा ताईचा माठ बरा. मग कॉम्प्रेसरचा फ्रिज आला. तो मात्र कामाचा, हे कबूल करावंच लागेल. आपल्याकडच्या उन्हात दूध-भाजी टिकवायची तर त्याला पर्याय नाही. पण गाडीच्या बॅटरीवर तो रात्रभर चालवला तर सकाळी गाडीच सुरू व्हायची नाही, म्हणून दुसरी बॅटरी, 100 अँपिअर-तासांची, लिथियमची. ती भरायला सौर पॅनल. टपावर तंबू, तेव्हा पॅनल जमिनीवर. पॅनलला ऊन हवं, फ्रिजला सावली, म्हणून मध्ये लांबलचक वायर. आणि त्या वायरीत रोज कुणीतरी अडखळतं, म्हणून तिच्यावर लावायला लाल दिवे.

एवढी वीज आहेच, तर इंडक्शन का नको? 2000 वॅटची शेगडी 12 व्होल्टवर म्हणजे 170 अँपिअर. बोटाएवढी जाड केबल लागते आणि भरलेली बॅटरी अर्ध्या तासात बसते. चहा होतो, फ्रिज बंद पडतो, मग फ्रिजमधलं दूध नासू नये म्हणून पुन्हा चहा. पाच किलोचा छोटा सिलिंडर न्या म्हटलं, तर भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला.

एवढ्या तयारीनं हे निघाले ते गंगरेलला. धमतरीच्या पुढचं महानदीवरचं धरण, रायपूरहून दोनेक तास. गाडीत माणसं मावेनात, तेव्हा ताई मुलांना घेऊन बसने धमतरीला आणि पुढे रिक्षाने. मला पुढच्या सीटवर जागा मिळाली. मांडीवर हवा भरायचा पंप. तेवढ्यानेच वाटेत उपकार केले, कारण कुरूदच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मातीत रुतलेली गाडी काढायच्या नारिंगी फळ्या मात्र डांबरी रस्त्यावर निमूट बसून होत्या.

जलाशयाजवळ भाऊजींनी चांदवा ताणला, घडीचं टेबल उघडलं, लाल दिवे लावले. एक म्हातारा सायकलवरून उतरला. सगळं नीट न्याहाळून त्यानं अदबीनं विचारलं, "का बेचथव भैया?"

संध्याकाळी डास आले. भाऊजींनी खणातून एक यंत्र काढलं. माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं डास पळवतं म्हणे. असल्या यंत्रांनी डास पळतात हे चाचण्यांत काही सिद्ध झालेलं नाही, आणि तिथल्या डासांनी तर त्याच्यावरच बैठक मांडली. ताईनं बसच्या पिशवीतून सुती मच्छरदाणी काढून झाडाला बांधायला घेतली. तिचा हात थांबवून भाऊजींनी सामान तोलायचा काटा आणला, मच्छरदाणी आकड्याला लटकवली आणि चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"नऊशे ग्रॅम! अगं, नायलॉनची साडेतीनशेत येते!"

आणि वही काढून त्यांनी लिहून घेतलं.