चाल एक, गायक छप्पन

नव्वदच्या दशकातलं जमैकाचं डान्सहॉल ऐकायला बसलेल्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात हटकून शंका येते: प्लेअर अडकला की काय? गायक बदलतो, मघाशी पोरीची आळवणी चालली होती तिथे आता प्रतिस्पर्ध्याची सालटी निघत असतात, पण खालचा ठेका जागचा हलत नाही. प्लेअर ठणठणीत असतो. किंग्स्टनचा कारभारच असा. आधी ‘रिडिम’ तयार होतो, म्हणजे ड्रम आणि बेसची चाल. मग गावातले गायक तिच्यावर आपापलं गाणं चढवून घेतात. स्लाय अँड रॉबी या जोडगोळीच्या ‘बॅम बॅम’ रिडिमवर १९९२ साली चाका डिमस आणि प्लायर्सचं ‘मर्डर शी रोट’ गाजलं. त्याच रिडिमवर प्लायर्सचं ‘बॅम बॅम’ही आहे. चाल हाताशी असताना दुसऱ्याची वाट कोण बघतो?

एवढ्यानेही भागत नसेल तर सात इंची रेकॉर्ड घ्यावी. मधलं भोक भलं मोठं, त्यात आधी प्लास्टिकची चकती बसवायची. एक बाजू ऐकायची. मोठ्या आशेने रेकॉर्ड उलटायची. मागे ‘व्हर्जन’: तीच चाल, गायक वजा.

बालगंधर्वांच्या प्रेक्षकांना ‘वन्स मोअर’साठी निदान पद रंगेपर्यंत धीर निघे. डान्सहॉलच्या गर्दीला दोन ओळी पुरतात. शिट्ट्या, भोंगे, आरडाओरडा. रेकॉर्ड लावणारा ‘सिलेक्टर’ सुई उचलतो आणि पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा असं झालं की गाण्याचा शेवट कसा आहे हे कुणालाच कळत नाही, आणि कुणाचं काही अडतही नाही.

शब्द पॅट्वा बोलीतले, तेही तोंडाला लगाम नसलेले. (काही गाण्यांतलं समलिंगींविरुद्धचं विष पाहता, न कळलेलंच बरं.) इंग्रजीवाल्यांचीही इथे डाळ शिजत नाही. टोरांटोच्या स्नो नावाच्या गोऱ्या गड्याचं ‘इन्फॉर्मर’ १९९३ मध्ये अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, तरी व्हिडिओखाली शब्दांच्या पट्ट्या द्याव्या लागल्या.

आपल्याकडचे धागेही यात आहेत. १८४५ पासून भारतीय गिरमिटिये जमैकात उतरले. ‘वाइल्ड अपाची’ म्हणवणारा सुपर कॅट त्यांच्याच वंशातला. त्याच्यावरून बर्मिंगहॅमच्या स्टीव्हन कपूरने ‘अपाची इंडियन’ हे नाव घेतलं आणि १९९३ मध्ये ‘अरेंज्ड मॅरेज’ गाऊन स्थळं बघण्याचा विषय थेट डान्सहॉलमध्ये नेला. पुढे स्टीव्हन ‘लेन्की’ मार्सडेनने तर रिडिमचंच नाव ‘दिवाली’ ठेवलं. फराळाचा पत्ता नाही, टाळ्यांचा ठेका मात्र भरपूर. शॉन पॉलचं ‘गेट बिझी’ त्याच्यावर, वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’ही त्याच्यावरच. ही दोन्ही लागोपाठ लागली तर पहिलं कुठे संपलं हे टाळ्यांवरून कळत नाही. गळा बदलला की समजायचं.