अभ्यासशैली शोधण्याचा शास्त्रोक्त विधी

परीक्षा जवळ आली की अभ्यासूने सर्वप्रथम करायची गोष्ट म्हणजे अभ्यास नव्हे. आपण नेमके कोणत्या जातकुळीचे विद्यार्थी आहोत, हे त्याने आधी ठरवावे. डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे, की हातापायांनी? ते कळल्याखेरीज पुस्तक उघडण्याची घाई करू नये. पुढील विधी दहावीपासून एमपीएससीपर्यंत कोणालाही करता येतो. त्याला सोवळे लागत नाही आणि मनोभावे केल्यास एक आठवडा सहज निघून जातो.

साहित्य

चार रंगांचे हायलायटर, रंगीत चिकटचिठ्ठ्या, नवी कोरी वही, हेडफोन आणि एक प्रश्नावली. पुणेकर अभ्यासूला पहिल्या तीन वस्तू अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतील. प्रश्नावली मात्र न्यूझीलंडची घ्यावी.

तिथे नील फ्लेमिंग नावाचे गृहस्थ शाळा तपासनीस होते. वर्गावर्गांत मागे बसून त्यांना एक कोडे पडले : उत्तम शिक्षकाच्या वर्गातही काही मुले कोरडी राहतात आणि सुमार शिक्षकाच्या वर्गातही काहींना सगळे उमगते, हे कसे? त्यातून पुढे ‘व्हार्क’ प्रश्नावली तयार झाली. तिच्यानुसार माणसे चार प्रकारची : पाहणारी, ऐकणारी, वाचणारी-लिहिणारी आणि करून बघणारी. १९९२ साली कॉलीन मिल्स यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच फ्लेमिंग यांनी बजावले होते की, ही आणखी एक मोजपट्टी नव्हे, विद्यार्थ्याने स्वतःच्या अभ्यासाचा विचार करावा म्हणून दिलेले निमित्त आहे. अभ्यासूने शीर्षकात वेळ दवडू नये. थेट प्रश्नावली भरायला घ्यावी.

निकाल पसंत न पडल्यास खचून जाऊ नये. २००४ मध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये मोजदाद केली, तेव्हा शिकण्याच्या शैलींची ७१ मॉडेल्स भरली. रोज एक घेतले तरी दोन महिन्यांहून जास्त पुरतील.

ज्यांना प्रश्नावली भरण्याचेही कष्ट नकोत, त्यांच्या पालकांसाठी बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि शैली सांगणारे अहवाल विकत मिळतात. ठसे जन्माआधीच पक्के झालेले असतात, त्यामुळे पुढे गुण कमी पडले तरी दोष कोणाकडेच जात नाही, ही या पद्धतीची मोठी सोय. अशा ठिकाणी हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धान्ताचे नाव आदराने घेतले जाते. बुद्धिमत्ता आणि शिकण्याची शैली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वतः गार्डनर सांगत आले आहेत. ते काउंटरवर बोलू नये.

विधी

निकाल ‘पाहणारा’ असा आल्यास धड्यातील प्रत्येक ओळ रंगवावी. पान पूर्ण पिवळे झाले की महत्त्वाच्या भागासाठी गुलाबी रंग वापरावा. ‘ऐकणारा’ असल्यास राज्यघटना स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून झोपताना लावावी. ‘वाचणारा-लिहिणारा’ असल्यास नोट्स काढाव्यात, मग त्या नोट्सच्या नोट्स. ‘करून बघणारा’ असल्यास अभ्यासिकेत येरझाऱ्या घालाव्यात. शेजारच्या उमेदवाराच्या नजरेकडे लक्ष देऊ नये.

त्यानंतर निकाल चारचौघांत जाहीर करावा. ‘भूमिती डोक्यात शिरत नाही’ हे वाक्य यापुढे वर्ज्य. ‘सर माझ्या शैलीत शिकवत नाहीत’ असे म्हणावे. सरही बहुधा मान डोलावतील. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आवडत्या शैलीत शिकवले तर मूल जास्त शिकते, हे विधान ब्रिटनमधील ९३ टक्के आणि नेदरलँड्समधील ९६ टक्के शिक्षकांनी मान्य केले होते.

विघ्ने

इतक्या सर्वमान्य विधीतही विघ्नसंतोषी लोक निघतातच. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि त्यांचे तीन सहकारी मानसशास्त्रज्ञ एक साधी अट घेऊन आले. आधी शैलीनुसार विद्यार्थ्यांचे गट पाडा. प्रत्येक गटातल्या निम्म्यांना चित्रांनी शिकवा, निम्म्यांना शब्दांनी. कोणाला काय, ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेवटी सगळ्यांना एकच पेपर द्या. ‘पाहणारे’ चित्रांनी आणि ‘ऐकणारे’ शब्दांनी पुढे गेले, तरच शैलीला अर्थ. सगळ्यांनाच चित्रे फळली, तर चित्रे चांगली एवढेच सिद्ध होते. या अटीत बसणारा भरवशाचा पुरावा त्यांना जवळपास सापडलाच नाही. जे मोजके प्रयोग अशा पद्धतीने झाले होते, त्यांतले अनेक उलटच गेले होते.

अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून व्हार्क भरून घेतली गेली. बहुतेकांनी निकाल पाहिला आणि पूर्वीसारखाच अभ्यास केला. ज्यांनी निष्ठेने शैली पाळली, त्यांचे गुणही वाढले नाहीत. संगणकावरचा सूक्ष्मदर्शक उघडून पेशींच्या काचपट्ट्या निरखणाऱ्यांना मात्र, शैली कोणतीही असो, गुण बरे होते.

यामागचे कारण अगदीच घरगुती आहे. पद्धत माणूस ठरवत नाही, विषय ठरवतो. मोसमी वारे कुठून कुठे जातात हे नकाशावर सगळ्यांनाच चटकन कळते, तबल्याचा कायदा वहीत लिहून कोणाच्याच बोटांत उतरत नाही. आवड असते, ती खोटी नाही. आवडत्या पद्धतीने वाचलेले पक्के झाल्यासारखे वाटते, तेही खरे. फक्त पेपर तपासणाऱ्याला वाटण्याचे गुण देता येत नाहीत.

पर्यायी विधी (नाइलाज झाल्यास)

हा विधी कंटाळवाणा असून त्याला रंगीत साहित्य लागत नाही. धडा वाचून पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी सेंट लुईस येथे विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजरे या विषयांवरचे उतारे दिले. एका गटाने चार सत्रांत उतारा सरासरी चौदा वेळा वाचला. दुसऱ्याने तो पहिल्या सत्रात तीन-चार वेळाच वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत कोऱ्या कागदाशी झटापट केली. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले, झटापट करणाऱ्यांना ६१ टक्के. आपल्याला जास्त आठवेल असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

दुसरी गोष्ट : एका बैठकीत सगळे उरकू नये. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या माळा स्वतःच पाठ करून १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. लागोपाठ ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांत साधले. एका बैठकीचा आग्रह धरणाऱ्याने वरच्या ३० आवर्तनांचे पुण्य कुठे जमा होते, याची चौकशी करावी.

तिसरी : गणिते मिसळून सोडवावीत. डग रोहरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात एकाच प्रकारची गणिते ओळीने सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांना ६० टक्केच. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिले २० टक्क्यांवर आले, दुसरे ६३ वर. ओळीने सोडवताना कोणते सूत्र लावायचे हे गणित वाचण्याआधीच ठाऊक असते. परीक्षेत वरती तसा मथळा छापलेला नसतो.

दिवेलागणीला परवचा म्हणवून घेऊन मध्येच ‘एकोणीस सक्कं किती?’ असे उलटे विचारणाऱ्या आजोबांकडे यापैकी एकही शोधनिबंध नव्हता. आठवून सांगणे, रोज थोडे आणि क्रम मोडून, या तिन्ही अटी ते बसल्या जागी पाळून घेत. नातवाची शैली त्यांनी कधी विचारली नाही.

शंका-समाधान

हायलायटरचे आता काय करावे? २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा क्लृप्त्या तपासल्या. रेघा ओढणे आणि पुन्हापुन्हा वाचणे तळाला गेले, स्वतःची परीक्षा घेणे आणि अंतर राखून उजळणी करणे वर आले. हायलायटरने कोऱ्या कागदावर न आठवलेले मुद्दे रंगवता येतील. पहिल्या दिवशी शाई बरीच लागेल.

मिठाईचे रिकामे बॉक्स कामाला येतील का? येतील. एका बाजूला प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला उत्तर अशा चिठ्ठ्या कराव्यात. उत्तर आले की चिठ्ठी पुढच्या, उशिरा उघडायच्या बॉक्समध्ये. चुकले की परत पहिल्यात. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या सेबास्टियन लाइटनर यांनी ही युक्ती १९७२ मध्ये लोकप्रिय केली.

चौदा वेळा वाचण्याचा काहीच फायदा नाही का? आहे. त्याच सेंट लुईसच्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर परीक्षा घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवले आणि झटापटवाल्यांना ७१. परीक्षाकेंद्राच्या फाटकात उभ्या असलेल्या अभ्यासूने खुशाल वाचत राहावे. घंटा पाच मिनिटांत व्हावी एवढे पाहावे.