वावराची तारीख

वाशीमच्या एखाद्या संगणक केंद्रात गावची खातेदार यादी एक्सेलमध्ये चढवायला घेतली, की पहिला चमत्कार गट नंबरचा होतो. ‘5/2’ टाकून एंटर मारावं, तर रकान्यात ‘05-फेब’ हजर. तिरकी रेघ दिसली की एक्सेलला तारीखच सुचते. वावराचा मालक खुर्चीमागे उभा असला तर बोलणारच, ‘भाऊ, हे माहं वावर हाय, पोरीच्या लग्नाची तारीख नाही!’ घाईघाईने रकाना ‘टेक्स्ट’ करावा, तर गट नंबर परत येत नाहीच. वर एक पाच आकडी संख्या उगवते. ते असतात 1900 सालापासून मोजलेले दिवस.

क्षेत्राचं दुखणं याहून अवघड, कारण ते दिसतच नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, शंभर आरचा हेक्टर, म्हणून तिथे टिंब दशांशाचं धरलं तरी चालून जातं. माणसं मात्र एकरात बोलतात आणि एकराचे गुंठे चाळीस. घरच्या वहीतलं ‘1.20’ म्हणजे एक एकर वीस गुंठे, चांगलं दीड एकर. एक्सेल आधी मागचं शून्य गिळतो, मग 1.2 एकर वाचतो. बारा गुंठे गायब, आणि बांधावर कोणी कुदळसुद्धा मारलेली नाही! दोन भावांचे 0.30 आणि 0.30 मिळवले तर तो 0.6 सांगतो. पारावरचा म्हातारा विडी न विझवता सांगेल, ‘दीड एकर.’

जमिनीचे कागद इथे जुनेच. 1939 साली वाशीमला वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. त्यात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात. एका फाईलीत दोन फॉरमॅट, आणि तरी ती उघडते.

आमची वीस वर्षांपूर्वीची कृतिदेव फॉन्टमधली फाईल उघडत नाही असं नाही, पण फॉन्ट नसला की भलतंच बोलते. टाईपरायटरच्या सवयीने तिथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. म्हणजे फाईल बदलायची तर दोघांच्याही बदल्या करायच्या. ‘स्थिती’तली वेलांटी तर अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यायची. कच्चा कन्व्हर्टर तिला अर्ध्या ‘स’पाशीच उतरवून देतो.

‘वाशिम’ हे नाव त्या फाईलीत इंग्रजी कळांच्या रूपात असं साठलेलं असतं: ओ, के, एफ, अपोस्ट्रॉफी, के, ई. दीर्घ ‘वाशीम’ लिहिलं तरी सुरुवात ओ, के. चला, इतकं तरी ओके! दोन्ही नावं युनिकोडमध्ये आणली, की एक्सेलमध्ये नोंद शोधणाऱ्या व्हीलूकअपला ती दोन वेगळी गावं वाटतात. जुन्या यादीत तर जिल्हा अकोलाच, कारण वाशीम वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. वाशिम, वाशीम, अकोला या तिन्ही नोंदी एकाच माणसाच्या, हे एक्सेलला पटवता पटवता जेवणाची सुट्टी होते.