आमच्याकडे कोण येतं-जातं

फ्रांकफुर्ट,
रविवार

ती. आई-आप्पांना
शि. सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे कुणी घरी येतं-जातं की नाही?" मी विषय बदलला, कारण फोन स्पीकरवर होता आणि आप्पा ऐकत होते. येतात. धर्मप्रचारक येतात. न सांगता येणारं दुसरं कुणीच नाही.

इथली रीतच तशी. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंकडे कॉफीला जायचं तरी आधी 'टेर्मिन', म्हणजे भेटीची वेळ, ठरवायचा. रविवारी तर दुकानं बंद, व्हॅक्यूम क्लीनर बंद, रिकाम्या बाटल्या पिंपात टाकायलाही बंदी. अशा शांततेत घंटी वाजली की आम्ही दोघं दाराकडे धावतो. बाकीची बिल्डिंग खालच्या स्पीकरवरूनच "नको" म्हणून मोकळी होते. आम्ही वर बोलावतो, बसा म्हणतो, पाणी विचारतो. त्या बिचाऱ्यांचा सगळा सराव दाराबाहेर उभं राहून बोलायचा! सोफ्यावर बसवलं की निम्मं अवसान तिथेच गळतं.

पहिल्या आल्या त्या 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातल्या दोघी. एक साठीची, एक तरुण, दोघी अगदी नीटनेटक्या. घंटीवरचं आडनाव वाचून 'तुमची भाषा कोणती' म्हणाल्या. मराठी म्हटल्याबरोबर तरुणीने टॅबलेटवर बोट फिरवलं आणि समोर चक्क मराठी 'टेहळणी बुरूज'! १८७९ साली अमेरिकेत सुरू झालेलं हे त्यांचं मासिक. इथे ताजा कढीपत्ता मिळवायला मला अर्धं शहर पालथं घालावं लागतं, आणि मराठी धर्मोपदेश घरपोच.

नेमका त्या दिवशी आमच्या मनूचा वाढदिवस. दिवाणखानाभर फुगे, टेबलावर केक. हे लोक वाढदिवस करत नाहीत, नाताळसुद्धा नाही. मी केकची बशी पुढे केली, तर दोघींनी हसून हात जोडले. मनूने त्यांच्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "मग तुम्ही मोठ्या कशा होता?" साठीच्या बाई इतक्या मनापासून हसल्या की पुढचा उपदेश राहूनच गेला.

आप्पा, तुम्ही इतिहासाचे मास्तर, म्हणून एक सांगते. खालच्या बाई स्वतः या साक्षीदारांना कधी वर घेत नाहीत, पण यांच्याबद्दल वाकडा शब्दही बोलत नाहीत. हिटलरला सलाम करणार नाही, बंदूक उचलणार नाही, एवढ्यावर हे लोक अडून बसले. छळछावण्यांत त्यांच्या कपड्यांवर जांभळा त्रिकोण शिवलेला असे. ऑगस्ट डिकमान नावाच्या त्यांच्यातल्या तरुणाला सप्टेंबर १९३९ मध्ये झाक्सनहाउझेनच्या छावणीत सगळ्या कैद्यांदेखत गोळ्या घातल्या, सैन्यात जायला नकार दिला म्हणून. हे कळल्यापासून मी त्यांची पत्रकं निदान रद्दीत टाकत नाही. फ्रिजवर ठेवते.

दुसरी जोडी मॉर्मन पंथाच्या पोरांची. पांढरे शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, मिसरूड जेमतेम फुटलेलं. दोन वर्षं घर सोडून, पदरच्या खर्चाने परक्या गावात दारोदार फिरायचं, तेही कायम जोडीने. एकट्याने कुठे जायचं नाही. आई, २०१९ पर्यंत यांना घरी फोन करायची परवानगी फक्त नाताळ आणि मातृदिनाला होती. आता आठवड्याला करता येतो. हे ऐकल्यावर मी आलं घालून चहा टाकला. तर चहा चालत नाही! कॉफी नाही, दारू तर नाहीच. आता केक नको, चहा नको, तर माणसाने पाहुणचार तरी कसा करायचा? शेवटी तू दिलेल्या आगळाचं सरबत केलं. पहिल्या घोटाला दोघांचे चेहरे असे झाले की मला वाटलं, आता धर्मयुद्धच. पण ग्लास रिकामे करून दोघांनी पुन्हा मागून घेतलं.

त्यांचं म्हणणं असं की, त्यांच्या मंदिरात विधी केला तर मेल्यानंतरही कुटुंब कायमचं एकत्र राहतं. ह्यांनी जरा विचार करून विचारलं, "सगळं? भावकीसकट?" पोरं उत्साहाने म्हणाली, "हो, सगळं!" ह्यांचा चेहरा पडला. गावच्या जमिनीचा दावा अजून कोर्टात आहे, हे त्या लेकरांना कसं समजावणार?

मुलं मात्र गुणी हो. काही मदत हवी का, म्हणाली. आपलं नवं कपाट खाली जिन्यात पडलेलं, लिफ्ट नाही. टाय खांद्यावर टाकून दोघांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवलं. वळणावर ह्यांचीच कंबर धरली. खालच्या बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "तुम्ही आता धर्म बदलणार का?" ह्यांनी कंबर चोळत सांगितलं, "आमची एकादशी दुपारपर्यंत टिकत नाही, आमच्याकडून काय होणार!"

तुम्ही मे महिन्यात येताय तेव्हा आगळाच्या दोन बाटल्या जास्तीच्या आणा, नीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून. गेल्या खेपेला आप्पांचं धोतर लाल झालं होतं. आणि आप्पा, ती पोरं आली की ज्ञानेश्वरी काढाल, मला माहीत आहे. जरूर काढा, पण नवव्या अध्यायापर्यंत जाऊ नका. त्यांना रात्री वेळेत मुक्कामी पोचायचा नियम आहे.

तुमची,
सुमा