मार्फत: बंडू

आमच्या अण्णांनी मला आजवर एकाच नावानं हाक मारली. सुधीर. त्याचा कधी सुध्या झाला नाही, बाळ तर नाहीच नाही. सगळी नोकरी पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत झाली, त्यामुळे मंजूर तरतुदीपेक्षा जास्त शब्द खर्च करायचे नाहीत हा त्यांचा बाणा. दहावीचा माझा निकाल बघून ते "हं" म्हणाले. माझं लग्न ठरलं तेव्हाही "हं"च, फक्त जरा लांबवलेलं.

हेच गृहस्थ सध्या सांगलीच्या आमच्या घरात रोज पहाटे जमिनीवर मांडी घालून बसतात आणि विचारतात, "कुणाची झोप झाली? माझ्या सोनुल्याची झोप झाली? अगं बाई, केवढी ही जांभई!"

सोनुल्या म्हणजे बंडू. जात गावठी, रंग दुधाच्या चहाचा, एक कान उभा आणि दुसरा अजून विचारात. अण्णा निवृत्त झाले त्या पावसाळ्यात तो जिन्याखाली येऊन बसला. "पाऊस थांबला की जाईल," असा शेरा अण्णांनी मारला होता. पाऊस थांबून बरीच वर्षं झाली. आता तो प्रसंगानुसार बंड्या, बंडोपंत, बंडूशेठ, लबाड आणि राजा असतो. माझ्या लहानपणच्या लसींचं कार्ड घरात कुणाला सापडत नाही. बंडूच्या रेबीजच्या लसीच्या नोंदी मात्र तारीखवार फायलीला लावलेल्या आहेत.

नात्यांचीही फेरमांडणी झाली. आई बंडूची आजी, अण्णा आबा आणि मी दादा. या हिशेबानं मी माझ्याच आईचा नातू ठरतो. हयातभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढणाऱ्या अण्णांनी ही चूक मात्र खपवून घेतली.

आमच्या घरात प्रेम नव्हतं अशातला भाग नाही. ते बोलून दाखवायची सोय नव्हती, ती बंडूनं करून दिली. आई-अण्णांचा अबोला पूर्वी आठवडाभर टिकायचा. आता सकाळी आई म्हणते, "बंडू, सांग तुझ्या आबांना, चहा गार होतोय." अण्णा पेपरामागून म्हणतात, "बंडू, आजीला म्हणावं, आज आलं छान लागतंय." बंडू एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे. त्यानं आजवर एकही निरोप पोचवलेला नाही आणि एकही निरोप अडलेला नाही.

घरच्यांपुढं कोरडं राहून कुत्र्यापाशी पाझरायची ही परंपरा जुनी असावी. महाभारताच्या शेवटी पांडव हिमालयाकडे निघतात, तेव्हा द्रौपदी पडते, सहदेव पडतो, नकुल, अर्जुन, भीम, सगळे एकेक करून पडतात. धर्मराज मागं वळूनही बघत नाही. उलट कोण कुठल्या दोषापायी पडला याचा खुलासा चालता चालता देतो. म्हणजे गोपनीय अहवालच. पुढं इंद्र रथ घेऊन येतो. धर्मराज भावांची आणि द्रौपदीची चौकशी करतो, ते आधीच पोचल्याचं कळल्यावर त्याचं समाधान होतं. पण बरोबर चालत आलेल्या कुत्र्याला रथात घेणार नाही म्हटल्यावर तो अडून बसतो. कुत्रा नाही तर स्वर्ग नको! हा माणूस मला थेट आमच्या घराण्यातला वाटतो. आणि आपले नामदेव? कुत्र्यानं पोळी पळवली, तर ती कोरडी कशी खाशील म्हणून तुपाची वाटी घेऊन ते त्याच्यामागं धावले. आई दहीभाताचा वाडगा घेऊन बंडूच्या मागं अंगणभर फिरायला लागल्यापासून मला ही कथा चमत्काराची वाटत नाही.

माझी मुलगी प्राणिशास्त्र शिकते. तिनं आजोबांना समजावून सांगितलं, की कुत्र्याच्या भुवईची आतली बाजू वर उचलणारा एक स्नायू असतो, लांडग्यात तो जवळजवळ नसतोच. 2019 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. माणसाला पाझर फोडणाऱ्या त्या नजरेनं हजारो वर्षांत कुत्र्यांचं भलंच केलं असावं, असा तर्क आहे. शिवाय जपानी संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिलं, की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळातला जिव्हाळाही याच संप्रेरकामुळे वाढतो. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "स्नायू सगळ्याच कुत्र्यांना असेल," ते म्हणाले, "पण तो नेमका पोळी लाटताना वापरायचा, ही अक्कल आमच्या बंडूची."

बंडूनं चप्पल फाडली की त्याचा चेहरा कसा अपराधी होतो, याचं अण्णांना फार कौतुक. नातीनं तेही खोडून काढलं. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं 2009 मध्ये लिहिलंय, की तो चेहरा गुन्ह्यामुळे होत नाही, रागावण्यामुळे होतो. काहीही न केलेल्या कुत्र्यालाही दटावलं तर तो तसाच दिसतो. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की मीही असाच दिसायचो."

दिवाळीत तर कहर होतो. लहानपणी मी सुतळी बॉम्बला घाबरायचो, तेव्हा "मुलगा आहेस ना?" एवढ्यावर माझी बोळवण झाली होती. आता बॉम्ब वाजायला लागले की अण्णा बंडूला घेऊन मधल्या खोलीत बसतात. खिडक्या बंद, टीव्ही मोठ्यानं, वर त्याच्या कानाशी रामरक्षा. रागावावं तरी कुणावर? बंडू माझ्याकडे ते भुवईवालं बघतो.

रतन टाटांनी मृत्युपत्रात आपल्या टिटो नावाच्या कुत्र्याची आजन्म सोय केल्याची बातमी आली, त्या दिवशी अण्णांनी मला फोन केला. आपण होऊन. "बँकेत नॉमिनी म्हणून बंडूचं नाव चालेल का?" कायद्याच्या लेखी कुत्रा ही व्यक्ती नाही, असं मी सांगितलं. "मग तुझंच राहू दे," ते म्हणाले. एवढ्या जिव्हाळ्यानं ते माझ्याशी पूर्वी कधी बोलल्याचं आठवत नाही.

हल्ली ही भाषा मला येऊ लागली आहे. "बंडू नीट जेवत नाही" म्हणजे अण्णांची तब्येत बरी नाही. "बंडूला जिना चढवत नाही" म्हणजे गुडघे. आणि "बंडू सारखा फाटकाकडे बघत असतो" असं ऐकलं की मी शनिवारच्या गाडीचं तिकीट काढतो.

तेव्हा ज्यांच्या घरी असे एखादे "हं" म्हणणारे वडील असतील, त्यांनी फोनवर तब्येतीची चौकशी थेट करू नये. "बरी आहे" एवढंच उत्तर मिळेल. आधी कुत्र्याची विचारपूस करावी आणि मग निवांत ऐकत बसावं. अर्ज योग्य त्या मार्गानं गेला, की निकाल लवकर लागतो.